घरच्या घरी तेलुगू शिकायची आहे, निदान पेशंटशी बोलण्यापुरती

संत्रागोळी

नमस्कार मंडळी. मी नागपूरला धंतोलीत फिजिओथेरपिस्ट आहे. ज्यांनी धंतोली पाहिली नाही त्यांच्यासाठी: दवाखाना, मेडिकल, पॅथॉलॉजी, पुन्हा दवाखाना आणि मध्ये कुठेतरी चहाची टपरी. इथले पेशंट फक्त विदर्भातले नसतात. छिंदवाडा, बालाघाटचे येतात, त्यांच्याशी हिंदीवर भागतं. दक्षिणेकडून बल्लारशाच्या लाईननं कागजनगर, मंचिर्याल, पेद्दपल्लीकडचे येतात. आदिलाबादकडच्या बऱ्याच जणांना मराठी चांगलं येतं, पण त्यापुढच्या गावांमधल्या म्हाताऱ्या बायकांचं तेलुगूशिवाय काही चालत नाही. सोबत आलेला मुलगा फाइल घेऊन बिलाच्या रांगेत, आणि खोलीत मी आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी. "गुडघा वाकवा" हे हातानं दाखवता येतं हो. "ताण येईल तिथपर्यंत जाऊ द्या, कळ आली की थांबा" हे कसं दाखवायचं?

क्लास जमणार नाही. वेळ म्हणजे खापरीहून काँग्रेस नगरपर्यंतची मेट्रो, आणि रात्री ओटा आवरल्यावर झोप येईपर्यंत जे उरेल ते. एक ॲप घेतलं. ते इंग्रजीतून शिकवतं आणि सारखं "मुलगा सफरचंद खातो" म्हणायला लावतं. तर प्रश्न असे: लिपी आधी की बोलणं आधी? व्याकरणाचं पुस्तक घ्यावं का? आणि चाळिशीनंतर हे डोक्यात टिकावं म्हणून तुम्ही काय करता? तेलुगूच नाही, कुठलीही भाषा घरी शिकलेल्यांनी लिहावं.

तर्री_पोहे

तेलुगू पिक्चर पाहा ताई, सबटायटल लावून. बघता बघता हिरोसारखं बोलायला लागाल.

संत्रागोळी

हिरो जे बोलतो ते आजींना ऐकवलं तर दुसराही गुडघा जाईल.

बल्लारशा_पॅसेंजर

माझं आजोळ करीमनगरचं, वाढलो बल्लारशात, आता नंदनवनला राहतो. घरी दोन्ही भाषा. ते इंग्रजीतून शिकवणारं ॲप आधी काढून टाका. इंग्रजीवाल्याला जे समजवायला त्यांना दहा धडे लागतात ते मराठी माणसाला जन्मापासून येत असतं.

"मला तेलुगू येत नाही" हे तेलुगूत "नाकु तेलुगु रादु". नाकु म्हणजे मला, रादु म्हणजे येत नाही. तीच मांडणी, तोच क्रम. आपल्याकडे "आम्ही" आणि "आपण" वेगळे. तेलुगूत "मेमु" आणि "मनं" तसेच वेगळे. हिंदीवाला इथे अडकतो, त्याच्याकडे दोन्हीला "हम". "येतो म्हणून सांगितलं" मधलं "म्हणून" तेलुगूत "अनि": "वस्तानु अनि चेप्पाडु". "नाही" आणि "नव्हे" यांच्यासारखे "लेदु" आणि "कादु". ळ आहे. आपल्या "चाक"मधला च बऱ्याच ठिकाणी ऐकू येतो. क्रियापद शेवटी. कुळ वेगळं असलं, तेलुगू द्रविड आणि मराठी आर्य, तरी शेजारधर्म फार जुना आहे.

नवीन काय ते सांगतो, म्हणजे घाबरायचं कुठे ते कळेल. एक, शब्दाला शेपूट लागत जातं आणि ते लांब होतं. मराठीतही "घरापासूनचा" म्हणतोच, पण तिकडे जास्त. दोन, लिंगाचा हिशेब वेगळा. एकवचनात पुरुष एकीकडे आणि बाई, गाय, खुर्ची सगळ्या दुसरीकडे. "ती आली" आणि "बस आली", दोन्हीला "वच्चिंदि". पण आजींबद्दल आदरानं बोलताना अनेकवचन वापरायचं, "वच्चारु". ते चुकवू नका. आणि आज्ञा द्यायची तर शेवटी "अंडि" लावायचं, की ती विनंती होते. वंचंडि, वाकवा. एत्तंडि, उचला. पडुकोंडि, झोपा. कूर्चोंडि, बसा. लेवंडि, उठा. तुमचं अर्धं काम या "अंडि"वर होईल.

अनुस्वार

मी जपानी घरी शिकतोय, त्यामुळे थोडा विरोधी सूर लावतो. लिपी आधी. जपानीत हिरागाना-काताकाना ही मूळ अक्षरं टाळून रोमन अक्षरांवर चालणारे मी पाहिलेत, वर्षभरानंतरही दुकानाची पाटी वाचता येत नाही. देवनागरीत तेलुगू लिहून पाठ केलं तर उच्चार कायमचे मराठी होतील. तेलुगूत ए आणि ओ ऱ्हस्व वेगळे, दीर्घ वेगळे. आपल्या नेहमीच्या देवनागरीत त्यांना वेगळी अक्षरंच नाहीत. वर लिहिलेल्या "एत्तंडि"तला ए ऱ्हस्व की दीर्घ, सांगा बघू वाचून?

बल्लारशा_पॅसेंजर

ऱ्हस्व. मुद्दा बरोबर आहे. पण तो वाचून नाही, ऐकून सुटतो.

अनुस्वार

ऐकायला समोर कोणी असेल तर.

मूग_गिळून

रेल्वेत गार्ड होतो, आता रिटायर. अजनीत राहतो. मध्य रेल्वेची हद्द बल्लारशाला संपते, तिथून पुढे दक्षिण मध्य. रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या स्टाफच्या विश्रांतीच्या जागी, तिकडचे गार्ड-ड्रायव्हर आणि आम्ही एकाच टेबलावर जेवत होतो. तिथं तेलुगू शिकलो, अक्षर एक येत नव्हतं. आजही पाटी वाचता येत नाही, पण बोलायला लागलो की समोरचा विचारते, "मीदि ए ऊरु?", गाव कोणतं म्हणून.

संत्रागोळी ताई, तुमची खरी अडचण अजून कोणी सांगितली नाही. प्रश्न विचारता येणं सोपं आहे जी. "नोप्पि एला उंदि?", म्हणजे दुखणं कसं आहे, हे दोन मिनिटांत पाठ होते. मग आजी जे सुरू होते ते पाच मिनिटं थांबत नाही. जावई, रात्रीची झोप, मागचा डॉक्टर, सगळं. त्यातलं तुम्हाले काय समजलं? काहीच नाही. आणि आता तर तिला वाटते की बाईला तेलुगू येते, म्हणून ती आणखी वेगानं बोलते.

म्हणून असाच प्रश्न विचारायचा ज्याचं उत्तर एका शब्दात येते आणि तो शब्द तुम्हाले आधीच माहीत असते. "नोप्पि उंदा?", दुखतं का. उत्तर "उंदि" नाही तर "लेदु". "इक्कडा, अक्कडा?" इथं की तिथं, बोट लावून. "एक्कुवा, तक्कुवा?" जास्त की कमी. तुम्ही लोक १ ते १० आकड्यांत दुखणं विचारता ना, मग आकडे पाठ करा: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु, एडु, एनिमिदि, तोम्मिदि, पदि. झालं. "कसं" आणि "काय झालं" हे प्रश्न पुढच्या वर्षी.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. पेशंट "चालु" म्हणाली तर हात तिथंच थांबवा. तेलुगूत चालु म्हणजे पुरे. मराठी कानाले वाटते की चालू ठेवा म्हणून राहिली.

संत्रागोळी

काका, ही शेवटची ओळ मी आमच्या खोलीत भिंतीवर लावणार आहे. आमच्याकडची सगळी ज्युनिअर पोरं मराठी आहेत.

तर्री_पोहे

बापरे. हे खरंच माहीत नव्हतं. पिक्चरमध्ये कोणी गुडघा वाकवत नाही ना.

वहीतलं_पान

टिकवायचं कसं यावर थोडं. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरजोड्या पाठ करायच्या आणि किती वेळानं किती उरतं ते मोजायचं. निष्कर्ष असा की सगळ्यात जास्त गळती सुरुवातीलाच होते, मग वेग मंदावतो. म्हणून आज शिकलेलं उद्या बघायचं, मग दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्यानं. एका रात्री दोन तास बसण्यापेक्षा तेच दोन तास आठवडाभर वाटले तर जास्त उरतं.

याचंच सोपं यंत्र म्हणजे सेबास्टियन लाइटनरची खोकी, १९७२ ची कल्पना. कार्डाच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तेलुगू. बरोबर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात, तिथली कार्डं आणखी उशिरा बघायची. चुकलं की थेट पहिल्या खोक्यात. मोबाइलवर हेच काम अंकी नावाचं ॲप करतं, अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर फुकट आहे. मी मात्र बुटांच्या खोक्यावर खूश आहे. मोबाइल हातात घेतला की दुसरंच काहीतरी उघडतं.

दोन गोष्टी सांभाळा. कार्डावर सुटा शब्द नको, आख्खं वाक्य हवं. आणि मराठी बाजू वर ठेवून तेलुगू आठवायचा प्रयत्न करा. तेलुगू वाचून "हो हो, माहीत आहे" म्हणणं म्हणजे अभ्यास नव्हे, निव्वळ समाधान आहे. आठवताना जो त्रास होतो तोच उपयोगाचा.

सावजी_कमी_तिखट

+१. वाचनखूण साठवली. मी जर्मन शिकत होते, ए१ या पहिल्या पातळीनंतर सुटलं. विशेषणांचे तक्ते भिंतीला लावले होते, बोलायला एकही माणूस नव्हता. म्हणजे तक्ते वाईट असं नाही, तीन लिंगं मराठी माणसाला परकी वाटत नाहीत, पण तक्ता पाठ असताना तोंड उघडत नव्हतं.

एक सांगते जे मला नंतर मिळालं. स्वयंपाकाचे व्हिडिओ. तेलुगूत तर यूट्यूबवर ढीग आहेत. बाई कढईत तेल ओतते आणि तेच तोंडानं सांगते. काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं, त्यामुळे शब्द आपोआप चिकटतो. पिक्चरमध्ये माणसं दिसत नसलेल्या गोष्टींबद्दल बोलत असतात, भूतकाळ, सूड, प्रेम, सगळं हवेत.

बल्लारशा_पॅसेंजर

आणि बघा, त्या व्हिडिओंमध्येही बऱ्याचदा तोच "अंडि". वेयंडि, घाला. कलपंडि, हलवा. "इंकोंचें", अजून थोडं, हे तर फोडणीलाही लागतं आणि गुडघ्यालाही. वेग कमी करायची सोय असते, ०.७५ वर ठेवा. ०.५ वर नको, तिथे सगळे दारू प्यायल्यासारखे बोलतात.

बातम्या इतक्यात ऐकू नका. आकाशवाणीच्या ॲपवर हैदराबाद केंद्र मिळतं, दूरदर्शनचं डीडी यादगिरी चॅनल आहे, पण ती भाषा पुस्तकी. तुमच्या आजी तेलंगणाच्या. पुस्तकात "तो आला" म्हणजे "वच्चाडु", तेलंगणात "वच्चिंडु". आणि "ती आली" तर वर दिलंच आहे, "वच्चिंदि". ड आणि द. आजी मुलाबद्दल बोलते आहे की सुनेबद्दल, ते त्या एका अक्षरावर.

अनुस्वार

आणि मला म्हणताय लिपी नको.

बल्लारशा_पॅसेंजर

ड आणि द देवनागरीतही आहेत हो भाऊ.

अनुस्वार

:) बरं, मधला रस्ता सुचवतो. तुम्ही मेट्रोत बसता तेव्हा मोठ्यानं बोलता येत नाही. तो वेळ लिपीला द्या. रोज दोन अक्षरं, बस. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे, क ख ग घ, त्यामुळे नवीन फक्त आकार शिकायचे. बहुतेक व्यंजनांच्या डोक्यावर टिकलीसारखी खूण असते, तिला तलकट्टु म्हणतात. काना-मात्रा लागली की बऱ्याचदा ती खूण जाऊन तिथे मात्रा येते. एवढं कळलं की निम्मा गोंधळ मिटतो. जोडाक्षरात दुसरं व्यंजन खाली लटकतं. पाया घातला की पुढे बोर्ड, रिपोर्टवरची गावाची नावं वाचता येतील. आणि बोलण्याचा सराव रात्री, घरी.

माझ्या जपानीची उलट गत आहे, खरं सांगायचं तर. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत बोलण्याचा भागच नाही. एन५ या सगळ्यात सोप्या पातळीपासून एन१ पर्यंत कुठेच नाही. त्यामुळे परीक्षेच्या मागे लागलेल्याचं वाचन सुधारतं आणि जपानी माणूस समोर आला की तो खाली बघतो. तुमच्यासमोर रोज खरा माणूस येतो. हेवा वाटतो.

शेवटची_बोगी

पेशंटचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी ऐकत जा ना. याहून चांगलं साहित्य कुठे मिळणार?

संत्रागोळी

नाही. पेशंट दुखतंय म्हणून आलेला असतो, माझा धडा व्हायला नाही. परवानगी मागितली तरी त्या बिचाऱ्या नाही म्हणणार नाहीत, म्हणून तर मागायचीही नाही.

शेवटची_बोगी

पटलं.

वहीतलं_पान

याच्याच जोडीला एक. आजाराची पूर्ण हकिगत, कोणतं औषध चालू आहे, ॲलर्जी, ऑपरेशनची संमती, यांसाठी स्वतःच्या तोडक्यामोडक्या तेलुगूवर विसंबू नका. तिथे नातेवाईक किंवा तेलुगू येणारा स्टाफ हवाच. अर्धवट भाषेचा धोका हा की आपल्याला समजलं असं वाटतं. व्यायाम सांगणं, धीर देणं, दुखतं का विचारणं, एवढंच क्षेत्र आखून घ्या.

संत्रागोळी

हो, ते पक्कं. नवीन पेशंटची हिस्टरी मुलगा रांगेतून परत आल्याशिवाय घेतच नाही.

तुम्हा सगळ्यांचं वाचून जे केलं ते सांगते. व्याकरणाचं पुस्तक घेतलं नाही. दिवसभरात मी मराठीत आणि हिंदीत पेशंटला काय काय बोलते ते एका कागदावर उतरवत गेले. मला वाटलं होतं की भरपूर निघेल. निघाली जेमतेम पानभर. आपण कामावर किती कमी वाक्यांत दिवस काढतो! झोपा, गुडघा वाकवा, अजून थोडं, पुरे, श्वास घ्या, श्वास रोखू नका, दहा वेळा, दिवसातून दोनदा, उद्या या, जिन्यावर चांगला पाय आधी चढवा. पहिली कार्डं यांचीच केली. खोकं मिठाईचं आहे, आतून अजून तुपाचा वास येतो.

"रोजुकु रेंडु सार्लु", दिवसातून दोनदा, हे माझ्या तोंडात आधी बसलं. त्या दिवशी मंचिर्यालकडच्या एका काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता मुलाकडे बघितलं, आणि मुलगा हसायला लागला. मग काकूंनी मला "सार्लु"मधला र कसा म्हणायचा ते तीनदा म्हणून दाखवलं. पाय हातात धरून मी, आणि शिकवणाऱ्या त्या. त्या दिवशी गुडघा नेहमीपेक्षा जास्त वाकला, कारण त्यांचं लक्ष गुडघ्यावर नव्हतंच. हे फिजिओ म्हणून सांगते आहे, भाषेचा चमत्कार म्हणून नाही. लक्ष दुसरीकडे गेलं की स्नायू सैल पडतात.

काकांची एका शब्दाच्या उत्तराची युक्ती चालते. पण एक त्रुटी आहे. मुंग्या येतात की आग होते की ओढल्यासारखं होतं, हे मला वेगवेगळं कळायला हवं. तिथे "उंदि-लेदु" पुरत नाही.

मूग_गिळून

मग तिन्हींचे शब्द तुम्हीच समोर ठेवा, तिले निवडू द्या. मुंग्या म्हणजे तिम्मिरि. आग म्हणजे मंट. सूज म्हणजे वापु. "तिम्मिरा, मंटा?" असं विचारायचं. शेवटचा स्वर लांबवला की प्रश्न होते, वेगळं काही लावायचं नाही. ओढल्यासारखं होते त्याले काय म्हणतात ते गावागावाप्रमाणे बदलते, ते पॅसेंजरच्या आईले विचारा.

बल्लारशा_पॅसेंजर

आमच्याकडे "गुंजुतोंदि" म्हणतात. आई म्हणते काही ठिकाणचे लोक "लागुतोंदि" म्हणतात. दोन्ही ऐकायची तयारी ठेवा. आणि "नको" म्हणायला "ओद्दु": वंचोद्दु, वाकवू नका. एत्तोद्दु, उचलू नका. हे लवकर शिका, ऑपरेशनच्या पेशंटला काय करायचं नाही तेच जास्त सांगावं लागत असेल.

शेवटची_बोगी

केंद्र सरकारचं भाषा संगम नावाचं ॲप आहे, २२ भारतीय भाषांमधली रोजच्या वापराची १०० वाक्यं. गुडघे नाहीत त्यात, पण "तुमचं नाव काय, कुठून आलात" यासाठी बरं आहे.

तर्री_पोहे

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. आमच्या दुकानात इतवारीला तिकडचे व्यापारी येतात, "इदि एंत?" एवढंच समजतं. त्याच्या पुढे मी कॅल्क्युलेटर दाखवतो.

मूग_गिळून

काहून, आकडे तर वरच लिहिले आहेत ना बे. पाठ कर.

संत्रागोळी

पॅसेंजर, एक विनंती. माझ्या पानभर वाक्यांचं रेकॉर्डिंग कोणाकडून तरी हवं आहे. आधी सावकाश, मग नेहमीच्या वेगानं, मध्ये मला म्हणायला थोडी जागा सोडून. ॲपमधला आवाज ऐकून माझे सूर बातमीदारासारखे व्हायला लागलेत. तुमच्या आईंचा आवाज मिळेल का? आजींच्या वयाचा आणि तेलंगणाचाच आवाज कानात बसला तर फार बरं होईल.

बल्लारशा_पॅसेंजर

मिळेल. यादी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रविवारी दुपारी तिला बसवतो. पण एकदम सगळी वाक्यं पाठवू नका, थोडी थोडी पाठवा. ती चौथ्या वाक्यानंतर स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलायला लागते, आणि त्यातच शेजारच्या सुनेची बातमी येऊन जाते.

संत्रागोळी

ते कापू नका. मला तेच समजून घ्यायचं आहे.